नाव सोडणाऱ्या नद्या

ग्योटिंगन (जर्मनी), रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

काल म्युंडेनला जाऊन आलो. संगमावर उभं राहिल्याबरोबर तू आठवलास, म्हणून आज आधी हे पत्र. इथून रेल्वेनं फार वेळ लागत नाही. गावाचं पूर्ण नाव हान्नोवर्श म्युंडेन, पण लिहिताना ‘हान. म्युंडेन’ एवढंच लिहितात.

एका बाजूनं वेरा येते, दुसऱ्या बाजूनं फुल्दा, आणि पुढे जी वाहते ती वेझर, थेट ब्रेमेनवरून उत्तर समुद्रापर्यंत. संगमाच्या टोकाशी १८९९ सालचा एक दगड आहे. त्यावर कोरलंय की वेरा आणि फुल्दा जिथे एकमेकींचं चुंबन घेतात, तिथे दोघींना आपलं नाव गमवावं लागतं. आठवतं, प्रीतिसंगमावर बसून आपण भांडायचो? कृष्णा पुढे कृष्णाच राहते, मग कोयनेनंच नाव का सोडायचं, म्हणून तू चिडायचास. इथे निदान दोघींना सारखा न्याय, असं मला वाटलं. पण नंतर वाचलं, की वेरा आणि वेझर हे मुळात एकाच नावाचे दोन उच्चार आहेत. म्हणजे इथेही नाव गेलं ते एकटीचंच. फुल्दा ही तिथली कोयना!

गाव फार देखणं आहे. लाकडी चौकटीत माती-विटा भरून बांधलेली सातशेच्या वर जुनी घरं. काही तर पुढे झुकलेली. तीस वर्षांच्या युद्धात, १६२६ मध्ये, कॅथलिक सेनापती टिलीच्या फौजेनं हे गाव घेतलं आणि भयंकर कत्तल केली. त्या गल्ल्यांतून चालताना ते खरं वाटत नाही.

हे वैभव आलं कुठून, तर १२४७ च्या एका सनदेतून. नदीनं येणारा माल व्यापाऱ्यांनी इथे उतरवायचा, काही दिवस गावात विकायला ठेवायचा, मगच उरलेला पुढे न्यायचा. पुढची वाहतूक गावच्या नावाड्यांच्या हाती. ही सक्ती शेकडो वर्षं टिकली. ती सुंदर घरं, नगरभवनाचा तो कोरीव दर्शनी भाग, सगळं त्यातूनच उभं राहिलं.

आणि त्याच हक्कापायी इथे जे घडलं, ते कालपासून माझ्या मनातून जात नाहीये. दनी पापँ नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ फुल्दाकाठच्या कासेल शहरात होता. बंद भांड्यात वाफेच्या दाबावर अन्न शिजवायची युक्ती त्यानं १६७९ मध्ये काढली. दाब वाढला की वाफ सोडणारी झडपही त्याचीच. म्हणजे आपल्या घरोघरच्या कुकरची शिट्टी ज्याच्या डोक्यातून निघाली, तो हा माणूस! सप्टेंबर १७०७ मध्ये तो इंग्लंडला जायला निघाला, स्वतः बांधलेल्या, चाकाच्या वल्ह्यांच्या नावेतून. ती वाफेवर चालत होती असं पुष्कळदा लिहितात, ते खरं नाही. चाकं माणसंच फिरवत. पुढे जाऊ द्यावं म्हणून तत्त्वज्ञ-गणिती लायब्निट्सकडेसुद्धा त्यानं शब्द टाकला होता. उपयोग झाला नाही. म्युंडेनच्या नावाड्यांनी नाव किनाऱ्यावर ओढली आणि फोडून टाकली. पापँ लंडनला पोचला खरा, पण शेवटची वर्षं त्यानं हलाखीत काढली.

त्या नावाड्यांचं पोट त्या हक्कावर होतं, हे मला कळतं. तरी राग जात नाही रे. अडवायची तर अडवायची, फोडायची कशाला?

डॉक्टर आयझेनबार्टचं मात्र गाव कौतुक करतं. गावोगाव फिरून मोतीबिंदू काढणारा हा वैद्य १७२७ मध्ये इथेच वारला. पुढे विद्यार्थ्यांनी टिंगलीचं गाणं रचून त्याला भोंदू ठरवलं, पण तो हाताचा निष्णात होता. नगरभवनाच्या घड्याळात घंटांच्या सुरावर त्याची बाहुली येते. मी दुपारी बारा वाजता मान वर करून उभा होतो. शेजारी एक आजीबाई नातवाला कडेवर घेऊन ते दाखवत होत्या.

परतताना पुन्हा संगमावर गेलो, अंधार पडेपर्यंत बसलो. पाऊस ओसरला असेल तर एकदा घाटावर जाऊन ये. कोयनेचं पाणी अजून वेगळ्या रंगाचं दिसतं का, ते कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद