चौकशी आवक-जावकच्या टेबलापाशीच का थांबते?

संपादक महोदय,

दोन सरकारांमधला गोपनीय पत्रव्यवहार फुटला की चौकशीचे आदेश निघतात आणि पहिला हात पडतो तो कारकुनावर. मी एका सरकारी कार्यालयात ३१ वर्षं आवक-जावक सांभाळली, म्हणून हे लिहितो.

गोपनीय टपाल दुहेरी पाकिटात यायचं. आतल्या पाकिटाला लाखेचं सील. ते मी कधीच फोडलं नाही. नोंदवहीत क्रमांक घालायचा, साहेबांच्या हाती द्यायचं, सही घ्यायची. एकदा अशाच एका पत्रातला मजकूर वर्तमानपत्रात आला. चार दिवस मला समोर बसवून तेच तेच विचारलं. त्या नोंदीपुढे माझ्यानंतर सात सह्या होत्या. त्या सातांपैकी एकालाही बोलावणं गेलं नाही.

गोपनीयतेच्या कायद्याचं मूळही एका कारकुनापाशीच सापडतं. १८७८ साली ब्रिटन आणि रशियातला गुप्त करार लंडनच्या ‘ग्लोब’ पत्राने छापला. परराष्ट्रमंत्री सॅलिस्बरी यांनी संसदेत सांगितलं, बातमी विश्वास ठेवण्यालायक नाही. मग कराराचा अख्खा मसुदाच छापून आला! तो दिला होता चार्ल्स मार्विन या नकलनविसाने, तासावर पगार घेणाऱ्या. मजकूर त्याने पाठ केलेला, कागद चोरलाच नव्हता, म्हणून तो सुटला. पुढे १८८९चा ब्रिटिश कायदा आला आणि १९२३चा आपला. संसदेची दिशाभूल करणाऱ्या मंत्र्यासाठी मात्र त्यात काही नव्हतं.

१९८५चं कुमार नारायण हेरगिरी प्रकरण अनेकांना आठवत असेल. थेट पंतप्रधान कार्यालयातले कागद परदेशी वकिलातींकडे जात होते. तो खरा गुन्हा होता, पकडले गेले ते योग्यच झालं. पण त्या वेळी प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला, हे मला जास्त मोलाचं वाटतं. पुढे तेच आपले राज्यपाल झाले. खटल्याचा निकाल लागायला मात्र २००२ साल उजाडलं. तोवर मुख्य आरोपी कुमार नारायण वारलाही होता.

माझी मागणी एवढीच: पत्र फुटलं की नोंदवही उघडा आणि शेवटच्या, सर्वांत वरच्या अधिकाऱ्याच्या सहीपासून जबाब घ्यायला लागा. कारकुनाचाही घ्या, पण त्याच्या क्रमाने.

– एक निवृत्त लिपिक, सातारा