त्याच घरी दुसऱ्यांदा जाणारे विद्यार्थी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आफ्रिकेतल्या खेड्यांत सेवेसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखातले सगळे विद्यार्थी युरोप-अमेरिकेतले होते. उत्तर घानात मात्र तिथलीच मुलं हे काम करतात आणि माझ्या मते ते जास्त खोलवर जातं. यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षं तामाले शहरात राहिले, म्हणून लिहिते आहे.

तामालेचं विकास अध्ययन विद्यापीठ १९९२ साली स्थापन झालं. तिथे वर्षाच्या तीन सत्रांपैकी दोन वर्गात आणि तिसरं खेड्यात, अशी रीत पडली. वेगवेगळ्या शाखांच्या मुलांचा एक गट करतात आणि तो गावात मुक्कामाला राहतो. पहिल्या वर्षी गावाची माहिती गोळा करायची, दुसऱ्या वर्षी त्याच गावात परत जायचं. हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, याला सेवा कशी म्हणायची, असं कुणी विचारेल. गुणांसाठी जाणारी मुलंही त्यात असतातच. पण गरजू घरी दुसऱ्यांदा माणूस येतो, याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

उत्तर घानात पाऊसकाळ एकच. पेरण्या होतात तेव्हा मागच्या वर्षीचा मका-बाजरी तळाला गेलेली असते आणि नेमकी तेव्हा मुलं गावात असतात. अशा एका गटाबरोबर मी गेले होते. आधी गावच्या प्रमुखाकडे रीतीप्रमाणे कोला झाडाच्या बिया देऊन हजेरी लावली, मग घरं. एका अंगणात आजी नातवंडांना सांभाळत होती. मुलगी बाजारात डोक्यावर ओझी वाहायला राजधानी अक्राला गेलेली. गटातला कुमासीचा मुलगा दक्षिणेकडचा, त्याला तिथली दागबानी भाषा येत नव्हती. त्यानं वही बाजूला ठेवली आणि आजीबरोबर शिया नावाच्या झाडाच्या तेलबिया फोडायला बसला. बोलणं शेजारच्या पोरामार्फत चाललं होतं. बऱ्याच वेळानं कळलं, की सरकारी मदतीच्या यादीत आजीचं नाव आहे, पण यंत्रावर बोटाचा ठसा उमटत नाही, म्हणून पैसे अडकलेत. आपल्याकडे रेशन दुकानात म्हाताऱ्या माणसांचं होतं, अगदी तेच.

घानात २००८ पासून ‘लीप’ नावाची योजना आहे. निराधार वृद्ध, अनाथ मुलं सांभाळणारी घरं आणि गंभीर अपंग व्यक्ती यांना तिच्यातून दर दोन महिन्यांनी रोख रक्कम मिळते, आरोग्य विम्यात नावही फुकट नोंदवतात. योजना चांगली आहे; अडतं ते या शेवटच्या पायरीवर. त्या मुलानं गावातल्या आरोग्य केंद्राच्या नर्सला सोबत घेतलं आणि आजीला तालुक्याच्या कचेरीत नेलं. पुढच्या वर्षी गट पुन्हा आला, तेव्हा अंगणात पाऊल टाकताच त्यानं आधी पैशांचंच विचारलं. पैसे सुरू झाले होते. मुलगी मात्र अक्राहून परतली नव्हती, आणि ते कुणा विद्यार्थ्याच्या हातात नव्हतंही.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दत्तक गाव असतं, सात दिवसांचं निवासी शिबिर होतं, मुलं मनापासून राबतात, श्रमदानाचा बंधारा उभाही राहतो. पण सर्वेक्षणाचे फॉर्म भरून झाले की पुढे त्यांचं काय होतं? ज्या विधवेनं किंवा अंथरुणाला खिळलेल्या बापाच्या पोरानं आपली अडचण सांगितली, त्यांच्या दारात पुढच्या वर्षी कुणी जातं का? बहुतेक ठिकाणी नवी तुकडी येते आणि नवे फॉर्म भरते.

विद्यापीठांना माझी विनंती आहे. दत्तक गावातल्या सर्वांत अडचणीतल्या घरांची यादी करावी, कोणाचा कुठला कागद, कुठलं पेन्शन, कुठला दाखला अडला आहे ते तिच्यात लिहावं आणि ती यादी पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. शिबिराचा पहिला दिवस त्याच घरांसाठी राखून ठेवावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी येत्या हिवाळी शिबिरापासूनच सुरुवात करावी.

आपली,
एक वाचक, सांगली