आधी उपचार, मग कागद

संपादक साहेब, नमस्कार. लैंगिक अत्याचार झालेल्या आमच्या ओळखीतल्या एका मुलीला घेऊन मी रात्री दवाखान्यात गेले होते, तर काउंटरवर म्हणाले आधी एफआयआर आणा, आणि ती बिचारी ओढणी घट्ट धरून तासभर बाकड्यावर बसून होती हो! अहो, अशा पीडितेवर लगेच आणि फुकट उपचार करणं सरकारी काय, खासगी हॉस्पिटललाही कायद्याने बंधनकारकच आहे, आणि टू फिंगर टेस्टला (योनीत दोन बोटं घालून करायच्या तपासणीला) तर सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येच मनाई केलीय.

महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन, सगळी मदत एकाच जागी देणारं सखी वन स्टॉप सेंटर, पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्य सरकारची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना, हे सगळं आहे पण माहीत कुणाला? समुपदेशनही महिनोन्महिने लागतं, ती मुलगी अजून लाइट लावूनच झोपते. प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारावर ही माहिती मोठ्या अक्षरात मराठीत लावाच.

– एक वाचक