पत्रव्यवहार थांबवा, पण पत्रे ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी वाचकांच्या पत्रांखाली आपण बारीक टाइपात एक ओळ छापलीत : ‘या विषयावरील पत्रव्यवहार आता थांबवत आहोत.’ विषय होता धान्याच्या जुन्या साठवणीचा, म्हणजे कणगी, बळद आणि मुख्यतः पेव, म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोदलेला खड्डा. थांबवलात ते बरेच केलेत. शेवटी शेवटी पेव राहिले बाजूला आणि पहिले पेव कोणाच्या गावात खोदले गेले यावरून हमरीतुमरी सुरू झाली होती. चर्चा कुठे थांबवायची हे ठरवणे संपादकाचे काम, त्याबद्दल तक्रार नाही. विचारायचे आहे ते एवढेच, की त्या पत्रांचे आता काय होणार?

त्यांत आलेली माहिती एका जागी लिहिलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. पाणी वर लागणारी जमीन पेवाला का चालत नाही, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढेच ठेवून पोट घागरीसारखे का फुगवायचे, आत जाळ करून ओल कशी मारायची, कडेने कडबा किंवा उसाचे पाचट कसे लावायचे, तोंडावर फरशी बसवून ती मातीने कशी लिंपायची, हे सगळे ज्यांनी हाताने केले त्यांनी लिहिले. एका कृषी पदवीधराने त्यामागचे कारण सांगितले : बंद पेवात धान्य आणि कीड दोन्ही श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो आणि किडे गुदमरून मरतात. आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद पिशव्या याच तत्त्वावर चालतात. सोलापूरकडच्या एका आजींचे पत्र मला सर्वांत आवडले. भिंतीलगतच्या ज्वारीला आंबूस वास लागतो, ती गुरांना घालायची आणि मधली घरात घ्यायची, असे त्यांनी दोन ओळींत लिहिले होते. तज्ज्ञ मंडळींना ही गोष्ट सुचली नव्हती.

हरिपूरवरची पत्रे तर जपायलाच हवीत. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव. इथली माती अशी की पेवात हळद वर्षानुवर्षे टिकायची, आणि सांगलीच्या हळदीचा बाजार वाढला त्यात या पेवांचा मोठा वाटा. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याआधीच, २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून हळद कुजली होती आणि बरीच पेवे कायमची गेली होती. व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. त्यात चूक काही नाही, पुन्हा पेवे खोदा असे मी कोणाला सांगणार नाही. पण पेवात उतरून हळद काढणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींनी नातवंडांना सांगून का होईना, आपल्याला पत्रे लिहिली.

आता एक धोक्याची बाब. सुरुवातीच्या एका पत्रात लिहिले होते की पेव उघडले की आत कंदील सोडावा, तो विझला नाही तर खुशाल उतरावे. त्यावर नंतर दुसऱ्या वाचकाची दुरुस्ती आली. पेवात तळाशी साचलेला कर्बवायू कंदिलाला कळतो, पण हल्ली धान्यात किडीच्या गोळ्या टाकतात, त्यांचा विषारी वायू माणसाला मारण्याइतका असला तरी कंदील जळतच राहतो. ही दुरुस्ती आपण छापलीत, पण तोवर विषय आतल्या पानावर गेला होता. पहिल्या पत्राचे कात्रण माझ्या ओळखीच्या दोघांनी काढून ठेवले आहे; दुरुस्तीचे एकाकडेही नाही. एखाद्याने उद्या त्या कात्रणाच्या भरवशावर पेवात पाय टाकला तर? चूक आणि तिची दुरुस्ती वेगवेगळ्या अंकांत राहिली की दुरुस्ती छापूनही न छापल्यासारखीच.

आपण म्हणाल, अंक तर ग्रंथालयांत जातातच. जातात. १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा आहे, १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रेही आली, त्यामुळे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रत पोहोचायला हवी. पण तिथे जाऊन पेवाबद्दलचे पत्र शोधायचे कोणी आणि कसे? तारीख माहीत असेल तरच सापडेल अशी ती सोय. शिवाय वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, काही वर्षांत पिवळा पडून तुकडे पडणारा. (दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा चिंध्यांचा कागद यापेक्षा जास्त टिकतो, ही एक गंमतच.) आणि जी पत्रे जागेअभावी छापली गेली नाहीत, ती कोणत्याच कायद्यात बसत नाहीत. ती कचेरीतल्या टेबलावरून थेट रद्दीत.

वाचकाच्या पत्राला मराठीत मोठी परंपरा आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. लोकहितवादींची शतपत्रे म्हणजे ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून आलेली पत्रेच. पुढे ती पुस्तकात एकत्र झाली म्हणून आपण वाचतो. नुसत्या ‘प्रभाकर’च्या अंकांवर भिस्त ठेवली असती तर किती जणांपर्यंत पोहोचली असती? र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या मासिकात वाचक प्रश्न विचारत आणि ते उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला आणि डॉ. आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या काळी लोकांना कोणत्या शंका होत्या आणि त्या विचारायला दुसरी जागा किती कमी होती, हे अग्रलेखांपेक्षा त्या प्रश्नोत्तरांतून जास्त कळते. पेवाचा विषय तेवढा मोठा नाही, कबूल. पण असे लहान विषयच आधी हरवतात, कारण त्यांच्यासाठी कोणी चरित्रग्रंथ लिहीत नाही.

तेव्हा विनंती अशी. चर्चा थांबवताना एका ओळीऐवजी अर्धा स्तंभ द्यावा आणि त्यात कोणत्या मुद्द्यावर एकमत झाले, कशावर वाद उरला आणि कोणते विधान नंतर दुरुस्त झाले ते सांगावे. कंदिलाची गोष्ट त्यात ठळक टाइपात यावी. छापलेली आणि न छापलेली सर्व पत्रे विषयाचे नाव घालून एका फाइलमध्ये लावावीत आणि लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन तिची एक प्रत जिल्हा ग्रंथालयाला द्यावी. परवानगी नसेल तिथे नाव-पत्ता झाकावा, मजकूर ठेवावा. मात्र भांडणाची पत्रे वगळू नयेत. कोणाचे पेव पहिले या वादात दोघांनी आपापल्या गावच्या जुन्या पेवांच्या जागा नावानिशी सांगितल्या आहेत, ती माहिती दुसरीकडे मिळणार नाही.

याला माणूस लागतो आणि आपल्याकडे माणसे कमी आहेत, हे दिसते. मिरजेत आम्ही काही निवृत्त मंडळी आहोत, त्यांतल्या एकांनी आयुष्यभर ग्रंथालयात सूची करण्याचेच काम केले. आठवड्यातून एक दुपार आपल्या कचेरीत बसू द्यावे, पत्रांची वर्गवारी आम्ही करू. मोबदला नको, चहा चालेल. हरिपूरच्या पेवांवरचे माझेही एक लांबलचक पत्र आपल्याकडे पडून आहे. ते आता छापू नका, बाकीच्यांबरोबर फाइलला लावा.

आपला,
एक वाचक, मिरज