मूळ नोंदवहीपर्यंत नेणाऱ्या काकांना

सातारा

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र आम्ही काही कुटुंबं मिळून लिहितोय. साताऱ्यातली, कोरेगाव-कराडकडची आणि विट्याचीही. प्रत्येक घरातलं कुणीतरी अमेरिकेत आहे आणि त्याचा जोडीदार इथं पिटीशन, म्हणजे त्याला तिकडं बोलावून घेण्याचा अर्ज, मंजूर व्हायची वाट बघतोय, किंवा नुकताच तिकडं पोचलाय. तुमचं नाव छापायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं काका. पण आभार मोघम मानून आमचं समाधान होणार नाही. तुम्ही काय काय शिकवलंत ते नेमकं लिहिलं, तरच ते आभार.

पोवई नाक्याजवळच्या टायपिंगच्या दुकानात बसून तुम्ही कुणालाही "अमेरिकेचं काम करून देतो" असं म्हणाला नाहीत. फॉर्म तिकडं भरला जातो, अडतो मात्र इथल्या कागदावर, हे तुमचं म्हणणं. आधी कधी व्हिसा नाकारलेला असेल, मुदत संपल्यावर कुणी तिकडं राहिलेलं असेल, जुना गुन्हा असेल, तर तुम्ही कागदाला हात न लावता परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडं पाठवलंत. खोटा दाखला करून देणारे बाजारात भेटतात. तसा कागद सापडला की व्हिसाची दारं कायमची बंद होऊ शकतात, हे तुम्ही तरण्या पोरांना इतक्या कळकळीनं सांगितलंत की त्यांनी दुसऱ्यांदा विषय काढला नाही.

पहिला धडा लग्नाच्या दाखल्याचा. पत्रिका, फोटो, नोटरीचं प्रतिज्ञापत्र यातलं काहीही दाखल्याची जागा घेत नाही. पिटीशनच्या आय-१३० फॉर्मला लागतो तो विवाह निबंधकानं दिलेला दाखला. आपल्याकडं तो बहुतेक वेळा १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखालचा असतो. गावात ग्रामपंचायत देते, शहरात नगरपालिका. नमुना 'ड' चं ज्ञापन (नोंदणीचा अर्ज), त्यावर १०० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीन साक्षीदार, भटजींची सही आणि नवरा-नवरी दोघंही समक्ष. याच 'दोघंही समक्ष'वर गाडी अडते. मुलाची रजा तीन आठवड्यांची. त्यात हळद, लग्न, सत्यनारायण, पालीचा किंवा जेजुरीचा खंडोबा, पाहुण्यांकडची जेवणं. नोंदणी राहून जाते, तो परत जातो आणि पिटीशन पुढच्या रजेपर्यंत दाखलच होत नाही. म्हणून तारीख काढायला आलेल्यांनाही तुम्ही आधी रजेचे दिवस विचारता आणि साक्षीदारांचे आधार कार्ड लग्नाआधीच गोळा करून ठेवायला लावता. विशेष विवाह कायद्यानं करायचं असेल, तर ३० दिवसांची नोटीस रजेच्या आधी बसवावी लागते, हेही तुम्हीच लक्षात आणून देता.

दाखला हातात पडला की खिडकीवरून न हलता वाचायचा. दोघांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग, तारीख, लग्नाचं ठिकाण. मंगल कार्यालय शहराच्या हद्दीबाहेर, एखाद्या ग्रामपंचायतीत असेल तर दाखल्यावर त्या गावाचं नाव येतं आणि मुलगा तिकडं फॉर्मवर सवयीनं 'सातारा' लिहितो. फरक छोटा, पण विचारणा होऊ शकते. व्हिडिओ कॉलवर लागलेल्या लग्नाबद्दलही तुम्ही स्पष्ट सांगितलंत: नवरा-नवरी एका जागी नसतील, तर त्यानंतर दोघांत वैवाहिक संबंध आल्याशिवाय अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा ते लग्न धरत नाही.

आधीचं लग्न झालेलं असेल तर ते कायद्यानं संपल्याचा पुरावा हवा. स्टँप पेपरवर झालेल्या काडीमोडीवर विसंबून राहू नका, न्यायालयाचा हुकूमनामा काढा, असं तुम्ही समजावलंत. आणि हुकूमनामा झाल्यावरही अपिलाचे ९० दिवस उलटल्याशिवाय दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका.

जन्माच्या दाखल्याचं काम तुमच्याइतकं मन लावून करणारं आम्ही कुणी पाहिलं नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी वाढली साताऱ्यात, पासपोर्टवर जन्मठिकाण सातारा, आणि नोंद मात्र आजोळच्या गावी, जतला नाहीतर खानापूर तालुक्यात. साताऱ्यात नोंद सापडत नाही म्हणून लोक थेट 'उपलब्ध नसल्याचा' नमुना १० घेतात आणि तोच जोडायला निघतात. तुम्ही आधी आजीचं गाव विचारलंत, दवाखाना विचारलात, आणि मूळ नोंदवही शोधायला धाडलंत. नोंद सापडली की नमुना ५, म्हणजे जन्माचा दाखला. नावाचा रकाना कोरा असेल तर आधी नाव घालून घ्यायचं. लेखनाची चूक असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडून दुरुस्ती: मूळ नोंद खोडायची नाही, समासात दुरुस्ती, खाली सही आणि तारीख. नोंदच नसेल तर नमुना १० सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. वर्षानंतर उशिरा नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि अशा ताज्या दाखल्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये, जुने कागद सोबत लावावेत. प्रतिज्ञापत्राचं ठिगळ शेवटी, आधी मूळ कापड नीट करा, हा तुमचा हट्ट आम्हाला तेव्हा वेळखाऊ वाटायचा. त्यानंच सगळ्यात जास्त वेळ वाचला.

नावांचं काय सांगावं! शंकर आणि शंकरराव, लक्ष्मी आणि लक्ष्मीबाई, 'चव्हाण' एका कागदावर एका स्पेलिंगचं तर दुसऱ्यावर दुसऱ्या. जोडीदाराच्या माहितीच्या आय-१३०-ए फॉर्मवर आईवडिलांची नावं आणि जन्मतारखा लागतात, आणि आपल्या आधीच्या पिढीत गुरुजींनी लिहिलेली १ जून घरोघरी आहे. आईवडिलांच्या कागदांवर जी तारीख सगळीकडं आहे ती एकच धरा, प्रत्येक फॉर्मवर तीच, हा तुमचा नियम. सांगलीकडच्या म्हाताऱ्यांच्या १९६० आधीच्या कागदांवर 'दक्षिण सातारा' जिल्हा दिसतो. तो खोडून 'सांगली' करायचा नाही. भाषांतरात आहे तसा ठेवायचा आणि वेगळ्या ओळीत खुलासा द्यायचा.

लग्नानंतर नाव बदलण्याची घाई करू नका, हेही तुम्ही सुनांना आणि सासवांना एकत्र बसवून सांगितलंत. माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्ण चालतो. बदलायचंच तर राजपत्र, पासपोर्ट, बँक सगळं पिटीशनआधी बदला. अर्धवट बदललं की एका बाईच्या फाइलमध्ये दोन बायका दिसायला लागतात. वापरलेली सगळी नावं 'इतर नावं' या रकान्यात लिहायची. आणि आय-१३० वर जोडीदाराचं नाव आणि इथला पत्ता त्याच्या लिपीतही मागतात. तिकडच्या मुलांचा देवनागरी हात सुटलेला, म्हणून ते तुम्ही स्वतः टाइप करून पाठवलंत, वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा सगळं घालून.

भाषांतरात तुम्ही एक अक्षर सोडलं नाहीत. गोल शिक्का, तिकिटावरची सही, समासातला शेरा, सगळं. वाचता येत नसेल तिथं 'शिक्का अस्पष्ट'. मूळ कागदात चूक असेल तर भाषांतरातही तीच ठेवायची. खाली भाषांतरकाराचं निवेदन हवंच: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात, नाव, सही, तारीख, पत्ता. नोटरीचा शिक्का त्याला लागत नाही, हे सांगून तुम्ही कितीतरी लोकांचे पैसे वाचवलेत.

लग्न खरं आहे याचे पुरावे म्हणजे जाडजूड अल्बम नव्हे. साखरपुडा, हळद, लग्न, नंतरची भेट, प्रत्येकाचे मोजके फोटो, मागे तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते. दोघं दोन देशांत असल्यानं भाडेकरार नसतो, मग पासपोर्टवरचे प्रवासाचे शिक्के, विमानाची तिकिटं, पाठवलेले पैसे, विम्यातलं वारस म्हणून नाव. आणि हे लग्नाच्या महिन्यात थांबता कामा नये. वाट बघण्याचा काळही पुराव्यातच मोजला जातो, म्हणून दर भेटीचे कागद फाइलला लागत गेले पाहिजेत.

फी भरून पावती आल्यावर काय, हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. १ एप्रिल २०२४ पासून आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर ६७५. त्यानंतर महिनोन्‌महिने अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर अर्जाच्या स्थितीचं तेच एक वाक्य दिसतं, आणि घरात रोज सकाळी तेच बघितलं जातं. तुम्ही सांगितलंत की ते वाक्य बदललं नाही म्हणजे काही बिघडलं असं नाही. आपल्या पावतीची तारीख त्या खात्यानं चौकशीसाठी दिलेल्या तारखेच्या मागे पडेपर्यंत विचारूनही उत्तर मिळत नाही. तोवर लक्ष ठेवायचं ते तिकडच्या पत्त्यावर. मुलानं घर बदललं की १० दिवसांत पत्ता कळवायचा, कारण जादा पुरावा मागणारं पत्र त्याच पत्त्यावर जातं. ते आलं तर मागितलेलं सगळं एकदम, पत्रातल्या मुदतीच्या आत पाठवायचं. थोडं आज, थोडं नंतर असं करता येत नाही, पहिल्या उत्तरावरच निर्णय होतो. आणि या काळात 'तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ दे' म्हणणाऱ्यांना तुम्ही समजावलंत की त्या फॉर्मवर पिटीशन आहे का असा प्रश्न असतो, तो लपवायचा नाही, आणि खरं सांगितल्यावर व्हिसा मिळणं अवघड असतं.

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटले जातात. वाटावेतच. पण तो व्हिसा नव्हे. फाइल न्यू हॅम्पशायरच्या नॅशनल व्हिसा सेंटरला जाते, मुंबईच्या केसचा नंबर 'बीएमबी'नं सुरू होतो. ३२५ आणि १२० डॉलरच्या दोन फी, व्हिसाचा अर्ज डीएस-२६० आणि खर्चाच्या हमीचा आय-८६४. वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद करायची नोटीस येऊ शकते. ग्रीन कार्डवाल्याचा जोडीदार असेल तर मंजुरीनंतरही व्हिसा बुलेटिनमधली (रांगेच्या पत्रकातली) तारीख पुढं सरकावी लागते. मधेच तो नागरिक झाला तर कळवायचं, रांग सुटते, पण सोबतच्या मुलाला मग स्वतंत्र पिटीशन लागतं. हे शेवटचं वाक्य तुम्ही वेळेवर बोललात म्हणून एक लेकरू आईसोबत जाऊ शकणार आहे.

आय-८६४ ला लोक सातबारा जोडायला निघतात. तिकडची कमाई लागते, २०२५ च्या तक्त्यात ती दोन माणसांच्या घराला २६,४३७ डॉलर होती. कमी पडली तर तिकडचाच जोडप्रायोजक, म्हणजे हमी देणारा दुसरा माणूस. भावकीची आठ नावं असलेली जमीन वर्षभरात विकून पैसे बाहेर नेता येतील असं कुठं दाखवणार? तुम्ही हे कुणाचा अपमान न करता सांगता.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयाचाच, ५०० रुपये फीचा. नोकरीसाठी काढतात तो चारित्र्य पडताळणीचा कागद चालत नाही. आखातात १२ महिने काढले असतील तर तिथलाही आणायला लागतो, आणि तो मिळवायला वेळ जातो. मेडिकल मात्र मुलाखतीची तारीख आल्यावरच. एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाचा डाग दिसला तर थुंकीच्या कल्चरला आठ आठवडे जाऊ शकतात, तेव्हा घाबरून तिकिटं आधी काढून ठेवू नयेत.

काका, टायपिंगचे ठरलेले पैसे सोडून तुम्ही कुणाकडून काही घेतलं नाहीत. म्हणून आम्ही एवढं केलंय: तुमच्या भाषांतराचे नमुने, विवाह दाखला, नमुना ५, नमुना १०, शाळेचा दाखला आणि निवेदनाचा मसुदा, नावं काढून स्वच्छ टाइप केलेत. येत्या सोमवारी दुकानात आणून देतो. तुमच्या डोळ्याखालून गेले की एक प्रत तुमच्याकडं आणि एक विट्याला ठेवू.

तुमची,
साताऱ्याची, कोरेगाव-कराडची आणि विट्याची कुटुंबं