मुलांची पुस्तकं तेवढी बघा

महोदय,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी रोज पेपर वाचायला जाते. सुट्टीत नातीला घेऊन गेले. मराठीचं एकच कपाट. मुलांची पुस्तकं तळच्या फळीवर, शिवण सुटलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पोर फरशीवर बसून पानं जुळवत राहिली; गोष्टीचं शेवटचं पान सापडलंच नाही. (कन्नडही ती छान वाचते, तीही पुस्तकं हवीतच.)

कर्नाटकात १९६५ च्या ग्रंथालय कायद्यानं घरपट्टीवर रुपयामागे ६ पैसे ग्रंथालय उपकर आपण भरतो. त्यातून मुलांसाठी नवी मराठी पुस्तकं घ्यावीत. शनिवारी दुपारी तासभर गोष्टी सांगायला मी येईन, मानधन नको. सतरंजी तेवढी अंथरून द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका