आप्पा, मला कुणी धरून टोचलेलं नाही

स्टुटगार्ट (जर्मनी), 12 जानेवारी 2025

ती. आप्पा व आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवते, झोपते, गरम कपडे घालते. फोनवर सांगतेच, तरी आईसाठी पुन्हा लिहिलं. पत्र एवढ्यासाठी की परवा, इथल्या दवाखान्यातल्या कामासाठी गोवराची लस घेतली म्हणाले, तर आप्पांचा आवाज चढला आणि माझं अर्धं बोलणं राहून गेलं.

आधी खिडक्यांचं, कारण आईला ते खरं वाटत नाही. बाहेर पाणी गोठतंय, घरात हीटर चालू, आणि ही माणसं सकाळी उठल्या उठल्या सगळ्या खिडक्या उघडतात. फट ठेवून नाही, सताड. पाच-दहा मिनिटं बर्फाळ वारं घरभर फिरू द्यायचं, मग बंद. संध्याकाळी परत तेच. तेवढा वेळ हीटर बंद, नाहीतर बिल वाढतं. भाड्याच्या करारातही हे लिहितात, कारण हवा खेळली नाही की भिंतीला बुरशी येते आणि दोष भाडेकरूवर येतो. कोरोनात तर मास्क, अंतर आणि हात धुण्याच्या जोडीला सरकारनं खिडकीही घातली. शाळेत दर 20 मिनिटांनी वर्ग उघडायचा, पोरं जॅकेट घालून बसायची. सुरुवातीला मी शाल गुंडाळून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहायची. आता खोली कोंदटली की माझाच हात खिडकीकडे जातो. आई, त्यानं सर्दी होत नाही.

पण गोवराला खिडकी पुरत नाही. रोगी उठून गेला तरी त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणून इथं 1 मार्च 2020 पासून कायदा आहे. 1970 नंतर जन्मलेल्या माणसाला दवाखान्यात किंवा शाळेत काम करायचं तर गोवराच्या लसीचा नाहीतर रक्तातल्या अँटीबॉडीचा दाखला हवा. माझं कार्ड 2019 च्या महापुरात दुधाळीच्या घरातल्या कपाटासकट गेलं. राहिलं असतं तरी त्यावर एकच डोस निघाला असता, आपल्याकडे दुसरा डोस 2010 पासून सुरू झाला. रक्त तपासता आलं असतं, पण पुन्हा लस घेतल्यानं अपाय होत नाही, मग सुईच घेतली. दंड दुखला, थांबला.

आप्पा, तुम्ही म्हणालात, रँडच्या सोजिरांसारखंच की हे. तसं नाही हो. 1897 ला पुण्यात प्लेगच्या साथीत रँडचे गोरे सोजीर घरात घुसून माणसं बाहेर काढत होते. इथं मुलांनाही हा कायदा लागू आहे, त्याविरुद्ध पालक थेट घटना न्यायालयात गेले. 2022 मध्ये न्यायालयानं कायदा कायम ठेवला, कारण तान्ह्या बाळाला अजून लस देता येत नाही, त्याला आजूबाजूच्यांनीच सांभाळायचं. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये साठीपुढच्यांना कोरोनाची लस सक्तीची करायचा प्रस्ताव यांच्याच संसदेनं फेटाळला. म्हणजे ऊठसूट सक्ती नाही. शिवाय 2018 ला धाकट्याला शाळेत एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची सुई दिली, तेव्हा डायरीतली चिठ्ठी न वाचता तुम्हीच सही केलीत. तेव्हा कुठं रँड आठवला?

नको म्हटलं असतं तर मुलांच्या वॉर्डात काम मिळालं नसतं, इतकंच. कर्ज काढून आलेल्या पोरीला ते ‘इतकंच’ केवढं, हे तुम्हाला काय सांगू. पण कर्ज नसतं तरी घेतली असती. सहा-सहा महिन्यांची बाळं माझ्या खांद्यावर झोपतात.

आणि सक्तीवर भांडायला आधी लस हाताशी लागते. मे 2021 मध्ये कोरोनाच्या कोव्हिशील्ड लसीच्या दोन डोसांतलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं आणि काका दुसऱ्याच्या आधीच गेले. त्या वेळी भारत आणि दक्षिण आफ्रिका लसींची पेटंटं तात्पुरती बाजूला ठेवा म्हणत होते. विरोध करणाऱ्यांत हाच देश होता. जेवणाच्या सुट्टीत मी हे काढलं, तर टेबलावर कुणाला माहीतच नव्हतं. यांचा पगार खाते, तरी बोलले.

दादाच्या बाळाचा नऊ महिन्यांचा डोस फेब्रुवारीत आहे. आशाताई आली की सर्दीचं निमित्त सांगून परत पाठवू नका.

काकूला सांगा, मे महिन्यात लग्नाला यायला जमत नाही. रजा वर्षाच्या सुरुवातीलाच वाटल्या जातात आणि पोरंबाळं असणाऱ्यांचा नंबर आधी. काकांच्या वेळी पुण्यात अडकले, आता इथं. तिला काय वाटेल ते मला कळतं. आहेर मात्र माझ्याकडून चांगला जाऊ दे, पैठणी आईनंच निवडावी.

कागलच्या स्थळाला होय म्हणू नका, नाहीही म्हणू नका. मुलगा इकडं यायला तयार आहे, की मी परत येणार हे धरूनच चाललेत, ते आधी विचारा. फोटो बघितला. बरा आहे.

पन्नास हजार पाठवलेत. चाळीस पतसंस्थेच्या हप्त्याला, चार आहेराला, सहा आईच्या चष्म्याला. चष्म्याचे मागच्यासारखे दादाच्या गाडीत घालू नका.

तुमची,
छकुली